शैलाताई आणि दुभाष्या

शैलाताई वासनिक यांच्यासमोर ‘साधारण’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कोणी म्हणालं, साधारण अकरापर्यंत येतो, तर त्या चष्मा काढायच्या, ओढणीच्या टोकानं काचा पुसायला लागायच्या आणि विचारायच्या, “अकराच्या आधी का नंतर?” उत्तर येईपर्यंत चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढायचा नाही. रागावणं नाही, आवाज चढवणं नाही. समोरचा माणूस वैतागून काहीतरी ठाम बोलला की त्या ‘हाव’ म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. खालच्या टपरीवरचा चहावाला त्यांचा चहा आणताना जिन्यातच ओरडून सांगायचा, “ताई, एक चमचा, सपाट.”

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर मोटारपंपाच्या दुकानाच्या वर राऊत सरांचं ऑफिस होतं. मी कॉलेजातून निघालो तो सरळ तिथंच चिकटलो. कापसाच्या जिनिंगचे वजनकाटे, संत्र्याचे व्यापारी, सौंसरच्या बाजूच्या रक्त तपासायच्या लॅब, अशा लोकांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. मागच्या जिनिंगमधून कापसाची रुई उडून कम्प्युटरात जायची, म्हणून सरांनी सगळ्या खिडक्या खिळे ठोकून बंद करून टाकल्या होत्या. ताईंची जागा अशाच एका खिडकीपाशी. काचेवर बाहेरून रुईचा थर बसलेला, त्यामुळे बाहेर ऊन आहे की ढग हे आत बसून कळत नसे. ताई सौंसरहून रोज बसनं यायच्या, बसनंच जायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला जे शिकवलं ते अजून आठवतं. ऑफिसात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मानाची गोष्ट म्हणजे ‘दुभाष्या’. सरांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. आम्ही जे काही लिहू त्याच्या आणि डेटाबेसच्या मधे तो बसायचा. आम्ही डेटाबेसला प्रश्न लिहायचो, त्यात एक जागा मोकळी सोडायचो, आणि त्या जागी भरायची किंमत दुभाष्याच्या हातात द्यायचो. ती किंमत म्हणजे आकडा आहे, तारीख आहे की नुसता मजकूर, हे दुभाष्या तिच्याकडे बघून स्वतः ठरवायचा. आम्ही सांगायचं नाही. सांगायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

“चांगलं आहे ना मग,” मी म्हणालो. “काम वाचलं.”

ताईंनी एका कागदावर शून्य सात लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “हे काय आहे?”

“सात.”

“कशावरून? गाडीचा नंबर असंन. खोलीचा नंबर असंन. शून्य सात आणि सात अशा दोन येगयेगळ्या खोल्या असतीन तं?” त्यांनी चष्मा काढला आणि कागद परत ओढला. “तुले माहीत नाही, म्हणून तू अंदाज केला. मले माहीत आहे, पण मले सांगता येत नाही. दुभाष्या मले विचारतच नाही.”

त्या दिवशी मला हे फार बारीक वाटलं. एवढ्यासाठी कोणी चष्मा काढतं का, असं वाटलं.

ताईंबद्दल बाकी माहिती मला त्यांच्याकडून नाही, ऑफिसातल्या इतरांकडून मिळाली. त्या सरांच्याच हाताखाली शिकलेल्या. सर आधी कम्प्युटरचे क्लास घ्यायचे, तिथे ताई सगळ्यात हुशार. लग्न झालं, मुलगी झाली, आणि मग नवरा रस्त्याच्या अपघातात गेला. सासरचे म्हणाले, शिलाई मशीन घेऊन देतो. सर स्वतः सौंसरला त्यांच्या घरी गेले, सासूसमोर बसले आणि म्हणाले, ही माझ्याकडे कामाला येईल. हे सरांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना गरजच नव्हती. ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कोणीतरी ते सांगायचंच, ताई तिथेच बसलेल्या असताना, आवाज थोडा खाली करून. ताईंचे हात कीबोर्डवर चालत राहायचे.

कामावर लागताना सर प्रत्येकाच्या मूळ मार्कशीटा आणि डिग्र्या घेऊन आपल्या लोखंडी कपाटात ठेवायचे. “घरी उंदीर खातात, पाणी लागते. इथं सुरक्षित.” माझीही कागदं तिथंच होती. मला त्यात काही वाटलं नव्हतं, कारण मला कुठे जायचंच नव्हतं.

ताईंना मात्र एकदा जायचं होतं. नागपूरच्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. सुट्टी टाकून त्या गेल्या, परीक्षा दिली, मुलाखत दिली. तिथल्या लोकांना त्या फार आवडल्या. मूळ कागद आणा आणि रुजू व्हा, म्हणाले. मुलीच्या शाळेची, सासूच्या डोळ्यांच्या दवाखान्याची, सगळी जुळवाजुळव त्यांनी मनात करून ठेवली होती. मग त्या कागद मागायला सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू आलं.

“घेऊन जा ना,” सर म्हणाले. “मी काय अडवून राहिलो का तुले? किल्ली तेवढी घरी राहिली. उद्या आणतो.”

दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात होती. मग सर छिंदवाड्याला गेले. मग म्हणाले, कुलूप गंजलं, माणूस बोलावतो. एकदाही ते नाही म्हणाले नाहीत. उलट रोज स्वतःहून विचारायचे, “शैला, कधी निघतेस?” नागपूरवाल्यांनी वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला. त्यानंतर ताईंनी त्या कपाटाचा विषय काढला नाही. मी एकदा म्हणालो की तुम्ही भांडायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, “कशावर भांडू? त्याईनं नाही म्हटलंच कुठी?”

आता राऊत सरांबद्दलही सांगायला पाहिजे, नाहीतर ते वाईट माणूस वाटतील, आणि ते वाईट नव्हते. दुभाष्यात सांगायची ती सोय का नाही, हे त्यांनी एका दुपारी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. निमित्त ताईंचंच. महिन्याच्या बैठकीत त्यांनी पुन्हा तीच मागणी मांडली होती: दुभाष्याला अंदाज करू द्या, पण ज्याला माहीत आहे त्याला सांगायची मुभा ठेवा. हा आकडा, हा मजकूर, एवढंच.

सरांनी टेबलावरचा काचेचा गोळा हातात घेतला. मग म्हणाले, “पहिले होती ना ती सोय. तुम्हाला माहीत नाही. दुभाष्याच्या आधी सगळे आपापलं सांगायचे. माझ्याकडं एक पोरगा होता, हुशार होता. त्यानं जिनिंगच्या काट्याच्या प्रोग्रामात कापसाचं वजन पूर्णांक म्हणून सांगून टाकलं. क्विंटलच्या पुढचं सगळं कापल्या गेलं. अख्खा हंगाम. कोणाच्या लक्षात आलं नाही. जेव्हा आलं, तेव्हा मले त्या जिनिंगच्या अंगणात शेतकऱ्यांनी गाड्यांच्या मधात उभं ठेवलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मारलं नाही कोणी. फक्त जाऊ दिलं नाही. पाणी सुद्धा त्याईनंच दिलं.” त्यांनी गोळा खाली ठेवला. “मग मी ठरवलं, माणसाच्या हातात हे द्यायचं नाही. माणूस कधी असा चुकते, कधी तसा. मशीन निदान एकासारखं चुकते.”

ताईंनी चष्मा काढला. “एकासारखं चुकते, म्हणून तं ते चुकल्यासारखं दिसत नाही, सर.”

“तुले दिसते ना?”

“मले दिसलं तरी मी काय करू? माह्या हातात काय आहे?”

“जेव्हा काही होईन, तेव्हा पाहू,” सर म्हणाले आणि बैठक संपली. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी दोघंही बरोबर वाटले.

व्हायचं ते झालं पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात. संत्र्याच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असतात ते दिवस. सौंसरची एक लॅब आमचा प्रोग्राम वापरायची. तिथून फोन आला की एक माणूस येऊन भांडून राहिला, त्याच्या पुतणीचा रिपोर्ट चुकीचा आहे म्हणतो. तो माणूस मग आमच्याच ऑफिसात आला. मोहगावचे ठोंबरे. पांढरा सदरा, हातात हेल्मेट, आणि ते हेल्मेट त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. पल्लवी नावाची त्यांची पुतणी. तिचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे, त्यामुळे आता शहाणी घरं लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घेतात. मुलगा वाहक निघाला, म्हणजे त्याला स्वतःला त्रास नाही, पण बायकोही वाहक असेल तर लेकरू आजारी निघू शकतं. पल्लवीचा रिपोर्ट आला: वाहक. मुलाकडच्यांनी नमस्कार करून लग्न मोडलं.

“आता नागपूरले दुसऱ्या कामासाठी तिचं रक्त काढलं,” ठोंबरे म्हणाले. “तिथं लिहून आलं का काहीच नाही. दोनदा तपासलं. मंग तुमचा रिपोर्ट कोनाचा होता?”

सर त्यांना म्हणाले की लॅबमध्ये नळ्या बदलल्या असतील, आमचा त्यात संबंध नाही. ठोंबरे गेले. ताईंनी लॅबला फोन लावला आणि फक्त एक गोष्ट विचारली: पल्लवीच्या नळीवर काय लिहिलं होतं, अक्षर न अक्षर सांगा.

नळीवर होतं ४७ई१. इंग्रजीतला ई. लॅबमधली मुलगी संध्याकाळी घेतलेल्या रक्ताच्या नळीवर ‘इव्हिनिंग’चा ई टाकायची. त्या महिन्यातला सत्तेचाळिसावा माणूस, संध्याकाळचा, पहिली नळी. सकाळच्या नळ्यांवर नुसता आकडा.

ताई खुर्चीत मागे टेकल्या. मला म्हणाल्या, “तुह्या मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर एखादा फार मोठा गुणाकार कर बरं.”

मी केला. उत्तरात आकड्यांच्या मधे ई आला.

“त्या ईचा अर्थ काय असते? पुढं इतके शून्य आहेत. सत्तेचाळीस ई एक म्हणजे सत्तेचाळीसच्या पुढं एक शून्य. चारशे सत्तर. आपल्या दुभाष्याले वाटलं हा आकडा आहे. त्यानं डेटाबेसले विचारलं, चारशे सत्तर नंबरचा रिपोर्ट दे. डेटाबेसनं देऊन टाकला.”

चारशे सत्तर नंबरचा माणूस दुसराच कोणीतरी होता. त्याचा रिपोर्ट पल्लवीच्या नावानं छापून आला होता.

मला वाटलं आता ताई खूश होतील. इतकी वर्षं त्या जे म्हणत होत्या ते असं समोर आलं होतं. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. “संध्याकाळी रक्त द्यायले कोण येते?” त्यांनी विचारलं, आणि उत्तर स्वतःच दिलं. “दिवसभर ज्याले सुट्टी भेटत नाही तो. कापूस वेचणाऱ्या बाया येतात. बागेत संत्रे तोडणारे येतात. पल्लवीचे काका भांडायले आले, त्याईच्याकडं गाडी आहे, नागपूरले जायची ऐपत आहे. बाकीचे?” एखाद्याला खरंच आजार असेल आणि आमच्या कागदावर ‘काही नाही’ छापलं गेलं असेल, तर तो घरी निवांत बसला असेल. अशा माणसानं भांडायला तरी कशासाठी यावं?

त्या केबिनमध्ये गेल्या. यावेळी दार लावून घेतलं गेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यामागे सरही आले आणि सगळ्यांना म्हणाले, “लॅबले फोन करून सांगा, ई लिहायचा नाही. संध्याकाळसाठी एस लिहा. बस. बाकी कोणाशी काही बोलायचं नाही.”

“आणि जे छापून गेले ते?” ताई म्हणाल्या.

“शैला.” सरांनी एवढंच म्हटलं. त्या एका हाकेत सौंसरचं ते घर होतं, सासू होती, शिलाई मशीन होतं. ऑफिसातल्या सगळ्यांना ते कळलं. ताई खाली बसल्या.

त्या दिवशी त्या नेहमीच्या बसनं गेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्यांचा मला फोन आला. गाडी घेऊन सौंसरला येतोस का, मोहगावला जायचं आहे.

ठोंबऱ्यांच्या अंगणात संत्र्यांचे क्रेट रचून ठेवले होते. आम्हाला खाटेवर बसवलं. घरातली म्हातारी आजी दारात येऊन ताईंना म्हणाली, “तुमी कोन?” तिला आडनाव हवं होतं, त्यावरून जात, हे तिथं सगळ्यांना कळलं. ताई म्हणाल्या, “वासनिक. सौंसरची.” आजी आत गेली आणि नंतर दिसली नाही. पाणी पल्लवीनं आणलं. तीच ती, हे तिच्याकडे बघताच समजलं, कारण सगळे बोलायचे थांबले.

ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. “चूक लॅबची नव्हती, रक्ताची नव्हती. आमच्या प्रोग्रामची होती. मी त्या ऑफिसात काम करते. तुमच्या पोरीले काहीच नाही. पाहिजे तं मी मुलाकडच्यांले येऊन सांगते.”

मला वाटलं होतं ठोंबरे ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी पल्लवीच्या बापाकडे बघितलं, बापानं मोबाइल काढला, आणि दोघंही उठून क्रेटांच्या पलीकडे गेले. तिथून त्यांचा आवाज येत होता, मोकळा, हसरा. “हो हो, त्याईचा मानूस आला ना सांगायले. मशीनची गडबड होती.” मुलगा वाहक असला तरी मुलगी ठीक असली की भागत होतं. लग्न पुन्हा उभं राहत होतं, आमच्या समोर, तेवढ्या वेळात.

आम्ही निघालो तेव्हा पल्लवी फाटकापर्यंत आली. मी गाडी सुरू करत होतो. ती ताईंना म्हणाली, “ताई, तुमी थोडं उशिरा आल्या असत्या तं चाललं असतं.”

ताईंना आधी कळलं नाही. “काहून?”

“मी छिंदवाड्याले नर्सिंगचा फॉर्म भरला होता. बाबा हाव म्हनले होते. म्हनले, आता तसंही कोन करनार हिच्याशी, तं शिकू दे.” तिनं फाटकाची कडी लावली. कडी लावताना ती रडत वगैरे नव्हती. “आता नाई म्हननार. मी जाते, भाकरी राहिल्या.”

मी ताईंना सौंसरला आणलं. घराच्या वळणावर उतरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. “रिपोर्ट सुधारायलाच पाहिजे होता,” त्या म्हणाल्या. “ते तं करायलाच पाहिजे होतं ना?” मी हो म्हणालो. “पण त्या पोरीले कोणी विचारलंच नाही. मी बी नाही विचारलं. सरळ जाऊन सगळ्याईसमोर सांगून मोकळी झाली.” त्या तशाच वळल्या आणि घराकडे गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लॅबच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. सरांना न विचारता, पण लपवूनही नाही. ऑफिसच्या फोनवरून, सरांना ऐकू जाईल अशा आवाजात. बाई चांगल्या होत्या. संध्याकाळच्या ज्या ज्या लोकांचे रिपोर्ट छापले होते, त्यांना एकेक करून परत बोलावलं, फुकट तपासलं. काही लोक निघाले, ज्यांना आजार होता आणि कागदावर नव्हता. त्यात सौंसरजवळची एक कापूस वेचणारी बाई होती, तिच्या पोटात बाळ होतं. तिचा इलाज वेळेवर सुरू झाला. बाळ आणि ती दोघंही बरी आहेत, हे मला नंतर ताईंनीच सांगितलं, आणि ते सांगताना ‘साधारण बरी’ असं नाही म्हणाल्या.

त्या लॅबनं आमचा प्रोग्राम बंद केला. तिच्यामागे आणखी काही गेले. सर ताईंना काहीच बोलले नाहीत. फक्त बोलणं कमी करत करत एक दिवस बंदच केलं. आम्हाला निरोप द्यायचे, तिला सांगा. ताई तिथेच, दोन खुर्च्या पलीकडे.

मग एका सकाळी मी आलो तर ताईंच्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवलेली होती. आत त्यांच्या सगळ्या मूळ मार्कशीटा, डिग्री, सगळं. सरांनी स्वतः आणून ठेवलं होतं. आम्ही सगळे ताईंची वाट बघत बसलो. त्या आल्या, पिशवी उघडून एकेक कागद उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा आत ठेवला, पिशवी पायाशी ठेवली आणि कम्प्युटर सुरू केला.

मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “मग? आता नागपूर?”

“तिथं आता जागा नाही.”

“दुसरीकडं असंल. पुणं आहे.”

त्यांनी डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवली. “दुभाष्या अजून किती ठिकाणी चालू आहे माहीत आहे ना तुले? आणखी लॅब आहेत, काटे आहेत. तो कुठं कुठं चुकते हे मले माहीत आहे. मी गेली तं हे पाहणार कोण? सर पाहणार नाहीत. तुमी पाहणार नाही. पाहणार का?”

मी भाजी वाढून घेतली. काही महिन्यांनी मलाच इंदूरला नोकरी लागली. माझे कागद सरांनी पहिल्याच दिवशी काढून दिले.

मी गेल्यानंतर सरांनी नमतं घेतलं. ताईंना निरोप पाठवला की ती सोय घालायची असेल तर घाल. ताईंनी ती लिहिली. मी सुट्टीत पांढुर्ण्याला आलो तेव्हा त्यांनी मला दाखवली. फार सुंदर लिहिली होती. सांगायचं असेल त्यानं सांगावं, नसेल सांगायचं तर दुभाष्या पूर्वीसारखा अंदाज करेल. आणि सांगणाऱ्याचं चुकीचं निघालं, कापसाच्या वजनासारखं काही कापलं जाणार असेल, तर दुभाष्या काम तिथंच थांबवेल आणि तसं सांगेल. सरांची भीतीसुद्धा त्यांनी विचारात घेतली होती.

“मग आता सगळे वापरून राहिले का?” मी विचारलं.

“कोणीच नाही.” त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “दोन शब्द जास्तीचे टाइप करा लागतात ना. पोरं म्हणतात, ताई, तसंही चालते. मंग ते लिहून गेले का मी मागून बसते आणि जिथं जिथं पाहिजे तिथं टाकत जाते. नवीन प्रोग्राम येते, पुन्हा टाकते.”

मी म्हणालो, “ताई, आता तं कागद तुमच्याकडं आहेत. सर बोलत नाहीत, पण सोय त्यांनी दिली. मुलगी मोठी झाली. आता कोण अडवते तुमाले?”

त्यांनी चष्मा काढला नाही. पुढची ओळ वाचत वाचतच म्हणाल्या, “कोणीच नाही. तेच तं.”

त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी, संध्याकाळी. मी मोटारसायकलवर घरी निघालो होतो आणि रेल्वेचं फाटक पडलं. इटारसीकडची मालगाडी होती, लांबच लांब. माझ्या बाजूलाच सौंसरची बस येऊन उभी राहिली, दारापर्यंत भरलेली. आत मधल्या जागेत ताई उभ्या होत्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं वरचा दांडा धरलेला. त्यांनी मला बघितलं नाही. खिडकीशी बसलेल्या एका बाईनं हात पुढे करून त्यांची पिशवी मागितली, त्यांनी दिली, बाईनं ती मांडीवर घेतली. ताईंचा हात मोकळा झाला. त्यांनी तो आधी ओढणीवर ठेवला, मग कमरेवर, मग समोरच्या सीटवर टेकवून बघितला. कुठेच बसेना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला. मालगाडीचा शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, आणि बस आधी निघाली.